खांबाखालचं भांडण

विजेच्या खांबावर चढणाऱ्या माणसाला खाली उभा असलेला माणूस साधारणपणे "जपून रे बाबा" म्हणतो. टेंभरेजी तसं कधीच म्हणाले नाहीत. माणूस निम्म्या खांबावर पोचला की ते तोंडातला तंबाखूचा खर्रा गालात सारायचे, मान वर करायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "काऊन बे, या खेपेले मत कोनाले देल्लास?"

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोकरीला नुकतीच लागले होते. वरचा माणूस तारेला हात घालायच्या बेतात, आणि खाली हे गृहस्थ त्याला मत विचारतात. वरच्यानं तिथूनच एक सणसणीत उत्तर दिलं. ते ऐकून धानाच्या चार बांध्यांपलीकडे स्विचपाशी उभा असलेला दुसरा माणूस खवळला आणि तिथून ओरडला की असल्या अकलेच्या लोकांमुळंच देश मागं राहिला. मग एक वरून, एक पलीकडून, असं काम संपेपर्यंत चाललं. मी मनात म्हटलं, ही कुठली वेड्यांची टोळी माझ्या नशिबी आली.

त्यांचं पूर्ण नाव डुलीचंद टेंभरे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात वीज वितरणाची आमची एक शाखा आहे, तिथल्या लाइनमनांचे ते प्रमुख. ठेंगणी, रापलेली मूर्ती, सदरा कायम बाहेर, पायात चामड्याचे जाड बूट आणि चालणं असं की जणू प्रत्येक पाऊल चिखलातूनच उचलायचंय. इटियाडोह धरणाच्या नहराखालची धानाची गावं आमच्याकडे. उन्हाळी धानाच्या दिवसांत सगळे पंप एकदम सुरू झाले की तारा तुटायच्या, आणि लोकांच्या शिव्या सबस्टेशनच्या फोनवर, म्हणजे माझ्या कानात यायच्या. मी तेव्हा तिथं ऑपरेटर होते. माझं माहेर तिरोड्याचं, त्यामुळं सगळे धरून चालले होते की तिथल्या वीजनिर्मिती केंद्राच्या चिमण्या बघत वाढलेल्या बाईला विजेतलं सगळं कळत असणार. कशाचं काय. टेंभरेजी मला "बाई" म्हणायचे, रागावले की "ममताबाई", आणि फारच माया आली की "बेटा".

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तार तुटली की त्या भागाचा स्विच बंद करतात आणि मग माणूस खांबावर चढतो. स्विच एकीकडं असतो, तुटलेली तार दुसरीकडं, मध्ये शेतं. स्विचच्या दांड्यापाशी एक माणूस उभा राहतो आणि वरचा खाली येईपर्यंत तिथून हलत नाही. त्यानं चुकून दांडा वर केला की खांबावरचा गेला. पुस्तकात यासाठी परवानगी आहे, कुलूप आहे, फलक आहे, आणि ते सगळं टेंभरेजी करूनच घेत. पण त्यांचा खरा भरवसा होता तो आवाजावर. "कुलूप लावनारा मानूसच हाय, अन् काढनाराही मानूसच हाय," ते म्हणायचे. "ज्याचा आवाज येऊन राहिला, तो वर हाय हे ध्यानात राहते. अन् ज्याच्यासंग भांडून राहिलो, त्याले कोनी इसरत नाई, बाई. करून पाहा."

माझं नुकतंच लग्न झालेलं होतं, त्यामुळं करून पाहायची गरज नव्हती.

तर ही दोन माणसं कोण, तेही सांगते. खांबावर चढायचा तो खेमराज कापगते. उंच, शिडशिडीत, चढायला लागला की बघत राहावं. स्विचवर असायचा तो नरेश बहेकार. दोघं एकाच गावचे, एकाच शाळेतले, आणि दोघांचे पक्ष एकमेकांचं तोंड न बघणारे. पक्षांची नावं मी सांगणार नाही. तुमच्याकडं जे दोन एकमेकांना पाण्यात पाहत असतील ते धरून चाला, काही बिघडत नाही. जीपचा ड्रायव्हर शहारे तिसऱ्याच पक्षाचा होता, आणि तो पक्ष आमच्या तालुक्यात त्याच्याशिवाय आणखी कुणाचा असेल असं मला वाटत नाही.

स्वतः टेंभरेजी कुणाचे, हे कुणालाच कधी कळलं नाही. दर निवडणुकीला सगळे त्यांना खोदून खोदून विचारायचे. ते म्हणायचे, "मी खांबाले मत देतो. पाच वर्षं जागचा हालत नाई, अन् जिथं गाडला तिथंच सापडते."

महाशिवरात्रीला प्रतापगडची मोठी यात्रा भरते. वर महादेव, तिथंच दर्गा, दोन्हीकडं माणसांचा पूर. आमच्या लोकांना तिथं तात्पुरती लाइन टाकायचं काम असतं. त्या वर्षी दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी भाविकांचं स्वागत करणारे भलेमोठे फ्लेक्स आमच्याच खांबांना बांधून ठेवले. कापगते म्हणे बहेकारच्या नेत्याचा काढा, बहेकार म्हणे आधी कापगतेच्या नेत्याचा. टेंभरेजींनी दोन्ही उतरवले, झाडाखाली शेजारी शेजारी अंथरले आणि डबा उघडला. दोघं हादरलेच. नेत्याच्या तोंडावर बसायचं कसं? टेंभरेजी म्हणाले, "पालथे घाला नं बे. भाजी सांडन त्यायच्या तोंडावर." मग दोन्ही नेते पालथे झाले, आणि त्यांच्या पाठीवर बसून सगळ्यांनी पोटभर जेवण केलं. जेवतानाही भांडण सुरूच होतं. शहारेनं मला हे सांगितलं तेव्हा तो हसून हसून रडायच्या घाईला आला होता.

सांगायला हे सगळं गोड वाटतं. रोज ऐकणाऱ्याला ते काही गोड नसतं. जीपमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत तेच. डिझेलचा भाव, धानाचा बोनस, दिल्लीतला अमका, मुंबईतला तमका. टेंभरेजी संध्याकाळी सबस्टेशनला यायचे, खुर्चीवर बसायचे आणि दोन्ही हातांनी कान चोळायचे. "बाई, तारेचा आवाज आयकू येत नाई आता, या दोघायचाच येते." मी चहा द्यायचे. ते बशीत ओतून, फुंकत, सावकाश प्यायचे. माणसं सांभाळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. तो चहा किती वेळ पुरवायचे ते अजून आठवतं.

मग त्या दोघांच्या गावची ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि सगळं नासलं. दिल्ली-मुंबई लांब असते. ही निवडणूक चुलीपर्यंत येते. कापगतेची बायको सरपंचपदाला उभी राहिली आणि समोरचं पॅनल बहेकारच्या मोठ्या भावाचं. आम्हाला प्रचार करायला बंदी असते, पण घरातली माणसं काय कपाटात ठेवायची? प्रचार रंगात असताना एका संध्याकाळी बहेकारच्या भावाची सभा चालू होती आणि मोहल्ल्यातली लाइट गेली. सभा उधळली. एक खार डीपीच्या पेटीत शिरून जळाली होती. पण गावभर झालं की कापगतेनं लाइट पाडली.

लाइनमनला चोर म्हणा, दारुड्या म्हणा, तो सोसून घेईल. पण त्यानं मतासाठी लाइट पाडली म्हणणं म्हणजे त्याच्या जातीवर, धर्मावर, आईवर, सगळ्यावर एकदम थुंकणं आहे. कापगतेची बायको पडली. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये तो बहेकारला म्हणाला, "तुले माहीत होतं खार होती. तूच तं काढलास नं ते मेलेली खार." बहेकार खिडकीबाहेर बघत बसला. कापगतेनं त्याची कॉलर धरली. बहेकारच्या हातात पाना होता, तो वर गेला. शहारेनं जीप रस्त्याखाली उतरवली आणि मध्ये पडला म्हणून बरं, नाहीतर डोकं फुटलंच असतं.

त्या दिवशी टेंभरेजी थकले. वयानं थकले म्हणत नाही मी. निवृत्ती जवळ आली होती, पण अंगात काम होतं. आतून थकले. त्यांनी सगळ्यांना आवारात उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून जीपमधी अन् खांबाखाली राजकारन बंद. कामाचं बोला, नाई तं गप राहा." ही एवढीच गोष्ट. आमच्या साहेबांना ती फार आवडली. साहेब तरुण होते, मनानं चांगले होते, आणि या दोघांच्या तक्रारी ऐकून तेही कंटाळले होते. मलाही आवडली. खोटं कशाला बोलू.

आणि खरंच शांतता आली. इतकी की शहारे जीपमध्ये भजनं लावू लागला. साहेब येता-जाता म्हणायचे, "टेंभरेजी, तुमची टीम एकदम शिस्तीत आली." टेंभरेजी नुसते हसायचे. कान चोळणं बंद झालं. एकदा मला म्हणाले, "बेटा, किती वर्षांनं घरी जाऊन बायकोचं बोलनं आयकलो मी. ते काय काय सांगून राहते, मले पत्ताच नव्हता." इतका हलका झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पण त्या दोघांनी "गप राहा" एवढंच घेतलं. "कामाचं बोला" कुठं गेलं कोण जाणे. शेजारी शेजारी बसून कापगते शहारेला म्हणायचा, "त्याले सांग पक्कड दे." शहारे म्हणायचा, "पक्कड मागते." बहेकार पक्कड शहारेच्या हातात ठेवायचा आणि शहारे ती कापगतेच्या. आम्ही हसायचो. सासू-सुनांसारखं चाललंय म्हणायचो. खांबाखालचा आवाजही शहारेमार्फत जाऊ लागला. बहेकार स्विच बंद करायचा, शहारेला सांगायचा; शहारे शेतातून जाऊन कापगतेला सांगायचा, चढ. टेंभरेजींनी हे पाहिलं होतं. एक-दोनदा कपाळाला आठ्याही घातल्या. पण बोलले नाहीत. "होईन हळूहळू," म्हणाले. मला वाटतं, त्यांना ती शांतता मोडायची नव्हती.

उन्हाळ्यात वादळ झालं. झाडं पडली, नहराकडच्या लाइनचे तुकडे झाले. टेंभरेजी दुसऱ्या गावात अडकले होते, इकडं ही तिघंच. बहेकारनं स्विच बंद केला, शहारेमार्फत निरोप गेला, कापगतेनं तार जोडली, खाली उतरला आणि शहारेला म्हणाला, "झालं, सांग त्याले." शहारे निघाला. तो बांधावरून पलीकडं जातोय तोच कापगतेचं लक्ष पुढच्या खांबाकडं गेलं. तिथली जोडतार निसटून लोंबत होती. आधीचे दिवस असते तर तो तिथूनच बोंबलला असता, "थांब बे, अजून एक हाय." बहेकारपर्यंत आवाज सहज पोचला असता. खिशात फोनही होता. पण दोन्हीसाठी त्याला बहेकारशी बोलावं लागलं असतं. त्यानं शहारेला एक अर्धवट हाक मारली, वाऱ्यात ती गेली नाही. त्यानं विचार केला, शहारे परत येईलच, तोवर हे करून टाकू. आणि चढला.

शहारेनं निरोप दिला. बहेकारनं चार पावलं बाजूला होऊन एकदा खांबाकडं पाहिलं असतं तर... पण मधे मोहाची झाडं होती, आणि निरोप तर आला होता. त्यानं दांडा वर केला.

सबस्टेशनमध्ये भोंगा वाजला आणि फीडर पडला, म्हणजे त्या लाइनचा पुरवठा आपोआप तुटला. दुरुस्तीनंतर असं होतं कधीकधी, पण या वेळी मला राहवलं नाही. का ते सांगता येणार नाही. मी बहेकारला फोन लावला. त्यानं उचलला, पण नुसतं धापा टाकणं ऐकू येत होतं. शेतातून पळत होता तो.

कापगते वाचला. वर पोचताच तारेला जमिनीशी जोडणारी साखळी आधी अडकवायची, ही टेंभरेजींनी त्याच्या हाताला लावलेली सवय होती, म्हणून फीडर लगेच पडला. पण उजवा तळवा भाजला तो भाजलाच. पट्ट्याला लटकलेला, शुद्ध हरपलेला खेमराज बहेकारनंच खांद्यावर घेऊन उतरवला.

त्याला गोंदियाला नेलं. टेंभरेजी आणि मी पोचलो तेव्हा बहेकार दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला होता, आत जायला तयार नव्हता. "मी इचारलो असतो तं?" एवढंच म्हणत होता. "जी, मी नुसतं इचारलो असतो, उतरलास का बे?" टेंभरेजी त्याच्याजवळ बसले. रागावले नाहीत, समजावलंही नाही. मग उठून आत गेले, आणि कापगतेच्या खाटेपाशी उभं राहून माझ्यादेखत रडले. त्या माणसाला रडताना पाहणं मला सोसवलं नाही, मी बाहेर येऊन उभी राहिले.

चौकशी लागली. बहेकारवर सगळं येणार हे दिसतच होतं. टेंभरेजी साहेबांसमोर जाऊन म्हणाले, "चूक माही हाय. मी त्यायले गप केलो."

साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही तर भांडण थांबवलं."

"भांडन नाई थांबवलो, साहेब. बोलनं थांबवलो. भांडन तं तसंच होतं आतमधी." मग म्हणाले, "मले कंटाळा आला होता. मानूस सांभाळनाऱ्यानं कंटाळा करू नाई."

त्यांना लेखी ताकीद मिळाली, इतक्या वर्षांच्या नोकरीतली पहिली. बहेकारची काही दिवसांच्या निलंबनावर सुटका झाली. त्या काळात मी पदोन्नतीची परीक्षा पास झाले होते, आणि आपल्यानंतर हे सगळं माझ्याच गळ्यात पडणार हे ओळखून टेंभरेजी मला लाइनवर सोबत नेऊ लागले. पूर्वीसारखे बोलत नव्हते. राजकारणाची बंदी त्यांनी उठवली, पण आता बोलायला कुणी तयारच नव्हतं. सांगून गप करता येतं माणसाला. सांगून बोलतं करता येत नाही.

धान कापणीच्या सुमाराला कापगते कामावर परतला. हाताची बोटं आता पुरती मिटत नव्हती, खांब कायमचा सुटला. म्हणजे तो आता स्विचवर राहणार होता. आणि चढणार होता बहेकार.

तो दिवस मला अगदी स्वच्छ आठवतो. शेतात नुसती धसकटं उरलेली. पलीकडं स्विचपाशी कापगते, डावा हात दांड्यावर. इकडं खांबाखाली बहेकार, कमरेला पट्टा बांधून. मध्ये बांधावर टेंभरेजी आणि मी. स्विच बंद होता, कुलूप लावलेलं, सगळं रीतसर. आणि बहेकार चढेना. खांबाला दोन्ही हात लावून तो नुसता उभा होता. त्याला वाटत होतं ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. ज्याचा हात आपल्यामुळं गेला, त्याच्या हातात आता आपला जीव.

टेंभरेजींनी खर्रा थुंकला. आवाज दिला, "काऊन बे नरेश, मत कोनाले देल्लास?" बहेकार कमरेचा पट्टा चाचपत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. आवाज फाटला. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला भीती वाटली की हा माणूस आता इथंच खाली बसणार आणि परत उठणार नाही.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "ओ बहेकार! तुह्या भावानं निवडून आलो तं नहरापाशी लाइट लावतो म्हनलं होतं. कुठी हाय बे लाइट?"

बहेकारनं मान वर केली. किती महिन्यांनी त्याला या तोंडातून हाक आली होती. तो खाकरून ओरडला, "येऊन राहिली. मंजूर झाली हाय."

"तुह्या पक्षाचं सगळं मंजूरच होते. येत काई नाई."

"तुह्या पक्षाचं तं मंजूर बी होत नाई."

वारा पूर्ण पडला होता. आणि कापगते, आता ओरडून नव्हे, पण आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नरेश, मी लाइट नाई पाडलो बे."

"माहीत हाय मले."

"मंग तवा काऊन नाई बोललास?"

बहेकारनं कपाळ खांबाला टेकवलं. "भावाचा पॅनल होता गा. काय बोलू."

कापगतेनं दांड्यावरचं कुलूप ओढून पाहिलं. मग तो म्हणाला, "स्विच बंद हाय. मी इथंच उभा हाव, हालत नाई. चढ."

बहेकार चढला. टेंभरेजी बांधावर बसले आणि सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले, आमच्यापासून लपवायच्याही भानगडीत पडले नाहीत. वर-खाली धानाच्या बोनसवरून जुंपली होती. मला म्हणाले, "बाई, आता तुमाले हे रोज आयकावं लागन. कंटाळा येईन. येऊ द्याचा. पन गप करू नोको."

थोड्याच दिवसांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला कुठल्या पुढाऱ्याला बोलवायचं यावरून या दोघांचं इतकं वाजलं की कुणालाच बोलावलं नाही. टेंभरेजींना ते फार बरं वाटलं.

आता ती टीम माझी आहे. पाच माणसं आणि पक्ष सहा, कारण एकजण दर निवडणुकीला बदलतो. मला राजकारणातलं फारसं कळत नाही आणि रोज ऐकून ऐकून जे कळत होतं त्याचाही वीट आला आहे. मोबाइलवर कुणीतरी कुणाला काहीतरी पाठवतो, सकाळी जीपमध्ये त्यावरून खडाजंगी, दुपारी डब्यावर तेच. घरी गेले की नवरा विचारतो, एवढी का गळून गेलीस, आणि मला सांगता येत नाही की दिवसभर मी काहीच केलं नाही, फक्त भांडणं विझू दिली नाहीत आणि पेटूही दिली नाहीत. नवे साहेब परवा म्हणाले, मॅडम, ड्यूटीवर राजकीय चर्चा नको असा एक आदेश काढून टाकू या. मी म्हटलं, काढा साहेब, पण माझ्या लोकांना दाखवू नका. टेंभरेजींच्या कानाला काय व्हायचं ते आता माझ्या कानाला होतं. एकदा मी त्यांना फोन करून तसं सांगितलंही. ते हसले, म्हणाले, "माहे तं आता दुखत नाईत. घरी बसून लय शांती हाय. बेकार हाय हे शांती."

गेल्या हिवाळ्यात नहराकडच्याच एका खांबावर बहेकार चढलेला होता. कापगते स्विचवर, मी खांबाखाली. माझा फोन वाजला. टेंभरेजींच्या मुलाचा होता. म्हणाला, बाबूजी सकाळी गेले, आंघोळीला बसले ते उठलेच नाहीत. मी "हो" म्हटलं. फोन खिशात टाकला.

वर आणि पलीकडं जोरात चाललं होतं. बहेकार कापगतेच्या नेत्याचा उद्धार करत होता, कापगते स्विचपाशी पाय आपटत होता. माझे डोळे भरून आले आणि मला वर बघवेना. पण वर माणूस होता आणि त्याचे हात तारेवर होते, म्हणून बघत राहिले. कापगतेचा आवाज जरा थांबला तसं मीच ओरडून विचारलं, "काय हो कापगते, उत्तर नाही का तुमच्याकडं?" त्याच्याकडं उत्तर होतं. पुन्हा सुरू झालं. ते भांडत होते तोवर त्यांच्यापुरते टेंभरेजी गेलेले नव्हते. मी भांडू दिलं.

बहेकार उतरला. पाय जमिनीला लागले, त्यानं पट्टा सोडला, तोंडाशी हात धरून पलीकडं ओरडला, "उतरलो बे." पलीकडून कापगते म्हणाला, "आयकलो."

मग मी सांगितलं.